बुरसलेली भाकर

शास्त्रपाठ : यहोशवा, अध्याय ९ वा



गिबोनकरांची हकीकत आपल्या मंडळ्यांत फार वेळां वाचली जात नाहीं, म्हणून ती प्रथम थोडक्यांत सांगतों. यरीहो व आय हीं नगरें पडलीं हें ऐकून गिबोनचे लोक घाबरले. लढून आपला टिकाव लागणार नाहीं हें जाणून त्यांनीं कपटाचा मार्ग धरिला. गाढवांवर जुनीं गोणपाटें घातलीं, ठिगळें लावलेले द्राक्षारसाचे बुधले घेतले, पायांत झिजलेले जोडे चढविले, आणि शिदोरीस सुकलेल्या, बुरसलेल्या भाकरी बांधिल्या. मग ते गिल्गालाच्या छावणींत आले आणि आम्ही फार दूर देशाहून आलों आहों, आमच्याशीं करार करा, असें विनवूं लागले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनीं ती शिदोरी तपासली, परंतु परमेश्वराचा सल्ला विचारिला नाहीं. करार झाला, शपथ वाहिली गेली, आणि तीन दिवसांनीं कळलें कीं हे लोक शेजारच्याच गांवचे आहेत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फसलेले पुढारी मूर्ख नव्हते. त्यांनीं डोळे झांकून करार केला नाहीं. त्यांनीं पुरावा मागितला आणि तो हातांत घेऊन पाहिलाहि. चूक येवढीच झाली कीं तो पुरावा फसविणाऱ्यांनींच घरून बांधून आणिला होता. भाकर खरोखरच बुरसलेली होती, जोडे खरोखरच झिजलेले होते. खोटा होता तो त्यांवरून सांगितलेला अर्थ.

ह्या अध्यायाची आठवण आज करून देण्यास कारण आहे. आपल्या खेडोपाड्यांच्या मंडळ्यांत आतां घरोघर मोबाइल आला आहे, आणि त्या मोबाइलांतून आपल्या तरुणांस एक नवें आमंत्रण येतें : खेळा आणि कमवा. हा खेळ ब्लॉकचेनवर चालतो, त्यांत जिंकलेलीं नाणीं खऱ्या पैशांत बदलतां येतात, आणि येथें लबाडी होऊंच शकत नाहीं, असें सांगण्यांत येतें. ह्या खेळांच्या नांवावर फसवणूक कशी चालते, हें आपल्या उपदेशकांनीं व घरांतील वडीलधाऱ्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे. कारण शत्रूची रीत ज्यास ठाऊक नाहीं, त्यास कळपाची राखण करितां येत नाहीं.

वही खरी, पण माणूस?

ब्लॉकचेन म्हणजे एक वही समजा. आपल्या जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरीं असते. तें दप्तर एकाच्या ताब्यांत असतें, म्हणून त्यांत खाडाखोड होण्याची भीति असते. ब्लॉकचेनची वही मात्र एकाच वेळीं अनेक ठिकाणच्या अनेक संगणकांवर ठेविलेली असते, आणि एकदां झालेली नोंद कोणा एकास खोडतां येत नाहीं. हें खरें आहे, आणि ती युक्ति हुशारीची आहे, हें आम्ही मान्य करितों. ह्या वहींतील आपल्या नाण्यांच्या थैलीस वॉलेट म्हणतात, आणि तिची किल्ली म्हणजे बहुधा १२ किंवा २४ शब्दांची एक गुप्त मालिका. ती मालिका ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं ती थैली.

परंतु खोडतां न येणारी वही म्हणजे सत्याची वही नव्हे. चोरानें माल नेला तर चोरानें नेला अशीच नोंद तींत होते, आणि तीहि खोडतां येत नाहीं. बँकेंत तक्रार केली असतां कांहीं वेळां पैसे अडविले जातात. येथें मात्र गेलेलें नाणें परत बोलावणारा कोणी अधिकारी नाहीं. ज्या गुणाची जाहिरात केली जाते, तोच गुण चोराच्या उपयोगीं पडतो. ही पहिली बुरसलेली भाकर होय : वस्तु खरी, तिच्यावरून काढलेला अर्थ खोटा.

प्रसिद्ध नांवाचें पांघरूण

२०२१ सालच्या सप्टेंबर महिन्यांत कोरिया देशांतील ‘स्क्विड गेम’ नांवाची चित्रमालिका जगभर गाजली. कर्जांत बुडालेले लोक पैशाच्या आशेनें लहान मुलांचे खेळ खेळतात आणि प्राणास मुकतात, असें तिचें कथानक आहे. तें नांव गाजतांच, त्या मालिकेशीं कांहीं संबंध नसलेल्या कोणी अज्ञात मंडळींनीं ऑक्टोबर महिन्यांत स्क्विड नांवाचें एक टोकन विक्रीस काढिलें. लवकरच ह्या नाण्यांवर खेळण्याचा खेळ सुरूं होणार आहे, असें त्यांनीं जाहीर केलें. एका सेंटाच्या आसपास आरंभ झालेली किंमत थोड्याच दिवसांत चढत चढत १ नोव्हेंबर २०२१ रोजीं २,८०० डॉलरांच्याहि वर गेली, आणि त्याच दिवशीं कांहीं मिनिटांत जवळजवळ शून्यावर आली. विकणारे ३० लाख डॉलरांहून अधिक रक्कम घेऊन नाहींसे झाले.

किंमत येवढी कां चढली? कारण घेणाऱ्यांस खरेदी करितां येत होती, पण विकतां येत नव्हतें. त्याच योजनेंतील दुसरें एक टोकन हातीं असल्यावांचून विक्री होणार नाहीं असा नियम करून ठेविला होता. ज्या बाजारांत सर्व येतात आणि कोणास बाहेर जातां येत नाहीं, त्या बाजारांत भाव चढणारच! मासे धरण्याच्या बोईंत शिरतांना वाट मोठी असते. बाहेर पडतांना ती सांपडत नाहीं. विकतां येत नाहीं अशी तक्रार पडझडीपूर्वींच लोक करूं लागले होते, आणि त्या मंडळींच्या जाहिरातींत शुद्धलेखनाच्या ढोबळ चुका होत्या. बुरशी दिसत होती. परंतु चढत्या भावाकडे लागलेल्या डोळ्यांस ती दिसली नाहीं.

मोबाइलांतील शेत

दुसरा प्रकार आपल्या शेतकरी बांधवांनीं विशेष लक्ष देऊन ऐकावा. २०२३ सालच्या मार्च महिन्यांत अमेरिकेच्या एफबीआय ह्या तपास खात्यानें लोकांस एक इशारा दिला. तो असा कीं, लबाड लोक मोबाइलावरून अनोळखी माणसाशीं ओळख करून घेतात, हळूहळू स्नेह वाढवितात, आणि मग एका खेळाची गोष्ट काढितात. खेळ बहुधा साधा असतो. उदाहरणार्थ, चित्रांतल्या शेतांत पीक वाढवून बक्षीस मिळवावयाचें. त्याकरितां आधीं एक वॉलेट उघडावें लागतें, त्यांत खरे पैसे घालून नाणीं घ्यावीं लागतात, आणि तें वॉलेट खेळास जोडावें लागतें. वॉलेटांत जितके अधिक पैसे, तितकें पीक अधिक, असें सांगितलें जातें. पडद्यावर नफा वाढतांना दिसतो. माणूस आणखी घालतो. घालणें थांबलें म्हणजे एके दिवशीं वॉलेट रिकामें होतें. कारण खेळाच्या साइटवरून वॉलेट जोडतांना त्यानें नकळत चोराच्या हातीं चावी दिलेली असते.

बंधूंनो, खरें शेत कसें असतें हें आपणांस कोणी शिकवावयास नको. नांगरट, पेरणी, कोळपणी, खुरपणी, राखण. आणि येवढें करूनहि पाऊस देवाच्या हातीं. ज्यानें एकदां तरी दुबार पेरणी केली आहे, त्यास हें ठाऊक आहे कीं कोणतेंहि शेत दररोज न चुकतां वाढीव पीक देत नाहीं. मग जें शेत कधीं करपत नाहीं, ज्यास कीड लागत नाहीं, तें शेत पाहून आपल्या मनांत आनंदापूर्वीं शंका यावी, हेंच योग्य. पडद्यावर दिसणारा नफा म्हणजे केवळ आंकडा आहे. तो आंकडा लिहिणारा हात चोराचा आहे.

आणि येथेंच हें संकट संपत नाहीं. पैसे गेल्यावर तोच मनुष्य, किंवा दुसऱ्या नांवानें त्याचाच सोबती, येऊन सांगतो कीं कर भरा, फी भरा, म्हणजे अडकलेली रक्कम सुटेल. बुडत्याला काडीचा आधार ह्या न्यायानें माणूस कर्ज काढून तीहि रक्कम भरतो. परत कांहीं येत नाहीं. एकाच जखमेवर दोनदां घाव घालण्याची ही रीत आहे.

विसरलेली परवानगी

तिसरें उदाहरण निराळ्या प्रकारचें आहे, व तें न्यायानें सांगितलें पाहिजे. व्हिएतनाम देशांतील स्काय मेव्हिस ह्या कंपनीचा ‘ॲक्सी इन्फिनिटी’ नांवाचा खेळ मुळांत लबाडांनीं काढिलेला नव्हता. कोविडच्या सांथीच्या काळांत, २०२० व २०२१ सालीं, फिलिपाईन्स देशांत पुष्कळांचा रोजगार बुडाला, तेव्हां अनेक गरीब घरांनीं ह्या खेळांतून पोट भरलें. खेळ आरंभ करण्यास तीन चित्रमय प्राणी विकत घ्यावे लागत. ज्यांस तें परवडत नसे, त्यांस धनवान मालक आपले प्राणी वांट्यानें खेळावयास देत, जसा आपल्याकडे बटाईनें बैल किंवा जमीन देतात. खेळांत मिळणाऱ्या नाण्याचा भाव २०२१ च्या जुलै महिन्यांत ३५ सेंटांच्या वर होता. २०२२ च्या मध्यास तो एका सेंटाच्याहि खालीं होता. कारण सोपें आहे : जुन्या खेळाडूंच्या कमाईचा आधार बहुतांशीं नव्यानें येणाऱ्यांच्या पैशावर होता. नवे येणें कमी झालें, नाणीं मात्र निघत राहिलीं, आणि भाव उतरला.

त्यांतच २३ मार्च २०२२ रोजीं ह्या खेळाच्या खजिन्यावर दरोडा पडला. १,७३,६०० ईथर आणि त्याखेरीज २ कोटि ५५ लाख डॉलरांचीं दुसरीं नाणीं, मिळून ६० कोटि डॉलरांहून अधिक किंमतीचें धन गेलें. चोरी झाल्याचें सहा दिवसांनीं, २९ मार्च रोजीं उघडकीस आलें. उत्तर कोरियाच्या राज्याशीं संबंध असलेल्या टोळीनें तें कृत्य केलें असें अमेरिकेच्या तपास खात्यानें पुढील महिन्यांत जाहीर केलें. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तावरून असें दिसतें कीं, चोरांनीं कंपनींतील एका अनुभवी माणसास मोठ्या पगाराच्या खोट्या नोकरीचें पत्र पाठविलें, आणि तें पत्र उघडतांच दार उघडलें.

त्या खजिन्यावर ९ पहारेकरी होते, आणि पैसे बाहेर काढण्यास त्यांपैकीं ५ जणांच्या सह्या पुरत. चार किल्ल्या एकाच कंपनीच्या घरांत होत्या. पांचवी कोठून मिळाली? नोव्हेंबर २०२१ मध्यें कामाची गर्दी फार झाली म्हणून एका पहारेकऱ्याच्या वतीनें सही करण्याची परवानगी कंपनीस तात्पुरती दिली होती. डिसेंबरांत त्या परवानगीची गरज संपली, परंतु ती काढून घेण्याचें राहून गेलें. त्या विसरलेल्या परवानगीच्या फटींतून चोर आंत आले. कंपनीनें पुढें नवें भांडवल उभें करून खेळाडूंची रक्कम भरून दिली, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु सर्वत्र असें भरून देणारा कोणी भेटत नाहीं.

बंधुभगिनींनो, ह्यांत केवळ संगणकाचा धडा नाहीं. इफिसकरांस लिहितांना प्रेषित पौलानें सैतानास जागा न देण्याविषयीं जें बजाविलें (अध्याय ४, ओवी २७), त्याचें हें बोलकें उदाहरण आहे. आपण एखाद्या वाईट संगतीस, एखाद्या लोभास, अडचणीच्या दिवसांत थोडी मोकळीक देतों. अडचण जाते, मोकळीक राहते. पाप नेहमीं दार फोडून येत नाहीं. आपणच दिलेल्या आणि विसरलेल्या परवानगीनें तें आंत येतें.

कमाई कोणाची?

आतां सर्वांत कठीण प्रश्न. एखादा तरुण म्हणेल, ‘मला तर ह्यांत नफा झाला, मी कोणास फसविलें नाहीं.’ त्यास आम्ही प्रेमानें विचारतों : तो नफा कोठून आला? शेतांत दाणा पेरिला तर कणीस देव देतो. विणकरानें सूत घेतलें तर त्याच्या श्रमानें लुगडें होतें. पण ज्या खेळांत कांहीं पिकत नाहीं व कांहीं विणलें जात नाहीं, तेथें एकाच्या हातीं आलेला पैसा बहुधा दुसऱ्याच्या हातून गेलेला असतो. तो दुसरा म्हणजे तुझ्यामागून आलेला, आणि कदाचित् तुझ्याच सांगण्यावरून आलेला, तुझा शेजारी.

ही फसवणूक अनोळखी माणसाच्या तोंडून क्वचितच पसरते. ती आपल्या माणसाच्या तोंडून पसरते. आरंभीं थोडे पैसे खरोखर परत मिळतात. ती चोराची पेरणी असते. मग ज्यास ते मिळाले, तो प्रामाणिकपणें भावास सांगतो, भाऊ मेहुण्यास सांगतो, बहीण बचत गटांतल्या बायांस सांगते. उपासना संपल्यावर मंदिराच्या ओट्यावर ती गोष्ट निघते. आणि जर उपदेशकानें किंवा पंचानें मान हालविली, तर मंडळी समजते कीं आतां विचारावयाचें राहिलें नाहीं. मंडळींतला विश्वास हें प्रभूचें दान आहे. पिढ्यांच्या सुखदुःखांत तो जमला आहे. चोरास आपल्या तुटपुंज्या रुपयांहून तोच अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याच्या बळावर त्यास एका घरांतून दहा घरांत जातां येतें. म्हणून उपदेशक बंधूंनो, कोणत्याहि अशा योजनेस आपलें नांव, आपला शब्द, किंवा मंडळीचें व्यासपीठ देऊं नका. आणि मंडळीचा निधि तर कोणाच्याहि मोबाइलांत जाऊं देऊं नका.

ज्यानें नकळत इतरांस ह्यांत ओढिलें आणि स्वतः कांहीं मिळविलें, त्याच्यापुढें जक्कयाचें उदाहरण आहे (लूक, अध्याय १९). जक्कयानें आपला धंदा कायदेशीर होता असें प्रभूस सांगितलें नाहीं. ज्यांचें घेतलें त्यांस चौपट परत करण्यास तो उभा राहिला, आणि त्याच दिवशीं त्याच्या घरास तारण आलें. चौपट साधणार नाहीं, तर जें मिळालें तेवढें तरी परत करावें. ज्या विधवेचे पैसे आपल्या सांगण्यावरून बुडाले, तिच्या दारावरून आपण रोज जातों. आणि त्याच हातांनीं प्रभुभोजनाची भाकर घेतों. येथें आपला विवेक स्वस्थ कसा राहील?

फसलेल्यांशीं कसें वागावें

जो फसला त्याविषयींहि दोन शब्द. फसलेला माणूस बहुधा बोलत नाहीं. लाजेनें तो आंतल्या आंत कुढतो, दागिने गहाण ठेवतो, उपासनेस येणें सोडतो. अशा वेळीं ‘लोभ केलास, भोग फळ’ असें म्हणणारी मंडळी प्रभूची नव्हे. गिबोनच्या बाबतींत इस्राएलाच्या पुढाऱ्यांनीं आपली चूक झांकिली नाहीं. सर्व लोकांपुढें तिचा निकाल केला, शपथ मोडिली नाहीं, आणि पुढें त्याच गिबोनच्या रक्षणार्थ लढतांना परमेश्वर त्यांच्यासंगें राहिला. चुकीनंतरहि देवाच्या लोकांपुढें सरळ वाट असते. फसलेल्यानें त्याच दिवशीं १९३० ह्या सरकारी क्रमांकावर फोन करून सायबर गुन्ह्याची तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी पैसे अडविण्याची आशा कमी. संदेश, पावत्या, समोरच्याचे क्रमांक खोडूं नयेत. आणि पैसे सोडवून देतों म्हणून कोणी पुन्हां फी मागेल, तर ती मुळींच देऊं नये.

सरकारहि निजलेलें नाहीं. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत आपल्या संसदेनें मंजूर केला. परंतु लबाड कायदा पाळून येत नाहीं, म्हणून आपलें जागें राहणें कायद्यावर सोंपवितां येत नाहीं.

तर कोणी अशा खेळाचें आमंत्रण आणिलें असतां घरांत बसून इतकें विचारावें : हे पैसे घालणारा मालक कोण, व तो कोठें राहतो? मला पैसे काढतां येतात हें कोणी स्वतः पाहिलें आहे काय, आणि मोठी रक्कम काढतां आली काय? माझ्या वॉलेटाचे गुप्त शब्द कोणी मागत आहे काय? अनोळखी लिंकेवर मी कसली परवानगी देत आहें? आजच्या आज ठरवा, अशी घाई कोण करीत आहे? आणि शेवटीं, हें मी प्रार्थनेंत प्रभूपुढें व उजेडांत माझ्या घरच्यांपुढें मांडिलें आहे काय? ह्या शेवटच्या प्रश्नापाशींच इस्राएलाचे पुढारी चुकले. जी गोष्ट पत्नीपासून किंवा आईपासून लपवून करावीशी वाटते, तिचें उत्तर तेथेंच मिळालें असें समजावें.

नीतिसूत्रांच्या १३ व्या अध्यायांत थोडथोडें करून जमविणाऱ्याची प्रशंसा केली आहे. तो मार्ग सावकाशीचा आहे, पण त्या वाटेनें आलेल्या भाकरीस बुरशी नसते, आणि ती खातांना कोणाच्या दारावरून मान खालीं घालून जावें लागत नाहीं. आपल्या प्रभूनेंहि नासरेथांत सुताराच्या कामांत पुष्कळ वर्षें घालविलीं. त्याच्या मागून चालणाऱ्यांनीं श्रमाच्या भाकरीची लाज धरूं नये.

हे प्रभो, आमच्या तरुणांचे डोळे उघड. फसलेल्यांस धीर दे, फसविणाऱ्यांस पश्चात्ताप दे, आणि आमच्या मंडळ्यांतील परस्पर विश्वास निर्मळ राख. आमेन.